लिंक पाठवा नं बाप्पा, फाईल नको

आमच्या कॉलेजात ऑनलाइन मिळून काम करायचं एकूण एक साधन आहे. झूम आहे, गूगलचं मीट आहे, क्लासरूम आहे, डॉक्स आहे, शीट्स आहे, एका सरांनी तर मध्यंतरी ट्रेलोवर, म्हणजे कामांच्या चिठ्ठ्या लावायच्या साइटवर, बोर्ड बनवला होता, त्यात "प्रॉस्पेक्टसची छपाई" नावाचं कार्ड अजूनही "चालू आहे"च्या खाली लटकून आहे, प्रॉस्पेक्टस छापून, वाटून, संपून गेलं तरी. आणि इतकं सगळं असून काम कुठे होऊन राहिलं, तर व्हॉट्सॲपवर. ग्रुपवर एक एक्सेल पडते, नाव "फायनल". संध्याकाळी तीच परत पडते, "फायनल नवीन". रात्री जेवणं झाल्यावर कोणीतरी तिसरी टाकतं, "फायनल करेक्टेड" आणि पुढे कंसात एक, तो एक कोणी लिहिलेला नसतो, फोननेच लावलेला असतो कारण त्याच नावाची फाईल त्या फोनमध्ये आधीच पडून असते. सकाळी हेड सर विचारतात, "यातली कोणती घ्यायची?" आणि ग्रुपवर सगळे चूप.

माझं म्हणणं साधं आहे. प्रत एकच राहणार आणि ती माझ्या फोनमध्ये नसणार, हे मान्य केल्याशिवाय यातलं कोणतंच टूल कामाचं नाही. तेच आपल्याला पटत नाही. लिंक पाठवली की लगेच मेसेज येतो, "मॅडम, फाईलच पाठवा नं, लिंक उघडून नाही राहिली." उघडते ती, पण लिंक म्हणजे आपल्या हातात काही आलं असं वाटतच नाही लोकांना.

मी दोन्हीकडे काम करते म्हणून हा फरक रोज दिसतो. सकाळी नागपुरातल्या मनीषनगरच्या घरून पुण्याच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स लिहिते, आणि आठवड्यातले काही दिवस कॉलेजात शिकवते, तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबी, कायम नाही, जेवढे तास घेतले तेवढे पैसे. कंपनीत कोणी कोणाला फाईल पाठवत नाही. तिथले लोक काही जास्त हुशार आहेत असं नाही हो, तिथेही मीटिंगमध्ये म्यूट काढायला विसरतात. पण तिथे सॉफ्टवेअर तपासणारा टेस्टर फक्त लिंकच उघडतो, त्यामुळे मी माझ्या लॅपटॉपवर वेगळी प्रत ठेवून तिच्यात कितीही सुधारणा केल्या तरी त्या कोणाला दिसत नाहीत, म्हणजे झाल्याच नाहीत. सवय अशीच लागते, नाइलाजाने.

बरं, ही कल्पना काही कालची नाही. ९ डिसेंबर १९६८ ला डग्लस एंगेलबार्ट नावाच्या माणसाने सॅन फ्रान्सिस्कोत हजारेक लोकांसमोर दीड तास एक प्रात्यक्षिक दिलं. त्यात माउस होता, लिंकवर क्लिक करणं होतं, आणि दूर मेन्लो पार्कमध्ये बसलेल्या सहकाऱ्याचा चेहरा स्क्रीनवर आणून दोघांनी एकाच मजकुरावर काम करणंही होतं. १९६८! आपल्या इकडे तेव्हा ट्रंक कॉल लावून वाट पाहत बसायचे लोक. नंतर १९८९ मध्ये एलिस आणि गिब्स या दोघांनी एकाच वेळी अनेकांनी टाइप केलं तर मजकूर विस्कटू नये यासाठीची पद्धत मांडली, आणि २००६ मध्ये गूगलने रायटली नावाचं छोटं ऑनलाइन एडिटर विकत घेतलं, त्याचंच पुढे गूगल डॉक्स झालं.

एलिस आणि गिब्सची ती पद्धत पोट्ट्यांना समजावताना मी एक वाक्य घेते. समजा डॉक्युमेंटमध्ये लिहिलंय "संत्री गोड आहेत". तुम्ही सुरुवातीला "नागपूरची" जोडून राहिले आणि त्याच क्षणी काटोलला बसलेला तुमचा मित्र "गोड" हा शब्द खोडून राहिला. आता कॉम्प्युटर काना, मात्रा, अनुस्वार, वेलांटी, हलन्त, सगळं वेगवेगळं मोजतो, त्यामुळे "गोड"चा ग मित्राच्या स्क्रीनवर आठव्या जागेवर आहे. मित्राकडून निरोप निघतो, "आठव्या जागेपासून तीन खोड." पण तो पोचेपर्यंत तुमची "नागपूरची" आणि पुढची मोकळी जागा मिळून नऊ जागा पुढे घुसल्या, आता आठव्या जागेवर तुमच्या "ची"ची वेलांटी आहे. निरोप जसाच्या तसा पाळला तर "गोड" राहील आणि भलतंच खोडलं जाईल. म्हणून सर्व्हर मित्राचा निरोप बदलून घेतो, आठाच्या जागी सतरा करतो, आणि मग खोडतो. दोघांच्याही स्क्रीनवर शेवटी एकच वाक्य. एवढ्या भानगडी तो प्रत्येक अक्षराला करतो, आपल्याला फक्त रंगीत कर्सर पळताना दिसतो. हे सांगितलं की वर्गात दोन मिनिटं शांतता असते, मग मागून कोणीतरी म्हणतं, "मॅडम, पण संत्री गोड तर आहेतच, खोडून काहून राहिला तो?"

आता नॅक. कॉलेजात काम करणाऱ्यांना हा शब्द ऐकूनच घाम फुटतो, बाकीच्यांसाठी सांगते, कॉलेजचं मूल्यांकन करणारी ही संस्था, १९९४ पासूनची, तिचे सात निकष असतात आणि प्रत्येक निकषाची माहिती ठरलेल्या नमुन्यात भरायची, पुरावे जोडायचे, वर दरवर्षीचा गुणवत्ता अहवाल, म्हणजे एक्यूएआर, वेगळा. सात निकषांना सात प्रमुख. प्रत्येकाची आपली एक्सेल, आपल्या पेन ड्राइव्हमध्ये. मग होतं काय की निकष दोनमध्ये शिक्षकांची संख्या एक येते आणि निकष तीनमध्ये दुसरीच, कारण एकाने सीएचबीवाले धरले आणि दुसऱ्याने नाही धरले. आम्ही आहोत की नाही आहोत हा प्रश्न असा एक्सेलमध्येही सुटत नाही.

यावर उपाय म्हणून आम्ही एकच शीट बनवली, तिचं नाव ठेवलं "मूळ आकडे". विद्यार्थी किती, शिक्षक किती, मंजूर पदं किती, वर्षनिहाय. हे आकडे फक्त तिथेच भरायचे, आणि बाकीच्या सातही शीट्समध्ये इम्पोर्टरेंज नावाच्या फॉर्म्युल्याने ते आपोआप यायचे, हाताने कोणी टाइप करायचे नाहीत. आकड्यांचे रकाने लॉक केले, बदलायचा अधिकार ऑफिसच्या दादांना आणि समन्वयक मॅडमना, बाकीच्यांना फक्त बघायचा. यावर जेवढी नाराजी झाली तेवढी पगार उशिरा झाला तरी होत नाही. "माझ्याच निकषाच्या शीटमध्ये मला आकडा बदलता नाही येत म्हणजे काय?" पण त्याने एक झालं, भांडण आकड्यांवरून उठून व्याख्येवर आलं, शिक्षक म्हणजे नेमके कोण मोजायचे यावर, आणि ते एका बैठकीत बसून मिटवता येतं.

शीटवाल्यांसाठी अजून एक सांगून ठेवते, नाहीतर विसरेन. शीट सगळ्यांमध्ये शेअर असताना साधं सॉर्ट किंवा फिल्टर लावू नका. तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी आडनावानुसार लावलं की बाकी सगळ्यांचीही हलते, आणि तिकडे कोणीतरी एका ओळीत मार्क भरून राहिलं असतं, त्याची ओळखीची ओळ डोळ्यांसमोरून गायब. फिल्टर व्ह्यू नावाचा वेगळा पर्याय आहे, त्याने फक्त तुमच्यापुरतं बदलतं. आणि एखाद्या चौकोनातला आकडा कोणी बदलला हे बघायचं असेल तर तिथे राइट क्लिक करून एडिट हिस्टरी बघा, ग्रुपवर "हे कोणी केलं" असं विचारत बसू नका, कोणीच कबूल होत नाही.

यानंतर दुखणं कॉमेंटचं. डॉक्समध्ये सजेस्ट करायची सोय आहे, तुम्ही केलेला बदल वेगळ्या रंगात दिसतो आणि डॉक्युमेंट एडिट करायचा अधिकार असलेल्याने होकार दिला तरच लागू होतो. कंपनीत माझ्या पानावर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पोरगी बिनधास्त लिहिते, "हे वाक्य समजलं नाही." मी सुधारते, विषय संपला. कॉलेजात हेड सरांच्या परिच्छेदावर कॉमेंट टाकायची कोणाची हिंमत नाही. सरांनी "स्थापणा" लिहिलंय, ण बाणाचा, ते सगळ्यांना दिसून राहिलं, पंधरा जण ते डॉक्युमेंट उघडून बसलेत, वरती कोपऱ्यात गोल गोल चेहरे दिसतात, आणि एकही जण हात लावत नाही. शेवटी एक ज्येष्ठ मॅडम त्यांना फोन करतात, "सर, जेवण झालं का? बरं, एक छोटंसं होतं…" मी यात कोणाला दोष देत नाही. लेखी कॉमेंट नावासकट, तारखेसकट सगळ्यांसमोर राहते, तोंडी सांगितलेलं विरून जातं, आणि मान राखायची आपली पद्धत विरून जाण्यावरच चालते. त्यामुळे आता मी सरांचा मजकूर असेल तर आधी त्यांनाच विचारते, "सर, मी सजेस्टमध्ये ठेवू का, तुम्ही बघून घ्या", म्हणजे होकाराचं बटण त्यांच्या हातात राहतं. सर खुशीने दाबतात ते बटण.

मराठी मजकुराची तर वेगळीच कहाणी. कॉलेजचं वार्षिक अंक, कार्यक्रमपत्रिका, अहवाल, हे सगळं वर्षानुवर्षं डीटीपीवाल्या भाऊंकडे कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप झालेलं. ते वर्डमधून उचलून डॉक्समध्ये टाकलं की इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. कारण त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त त्यांच्यावर देवनागरीचे आकार चढवलेले. तो फॉन्ट त्या कॉम्प्युटरवर असेपर्यंत दिसायला मराठी, फॉन्ट गेला की मराठी गेली. सर्च होत नाही, सॉर्ट होत नाही, फोनवर वाचता येत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून, पहिल्या आवृत्तीपासून आहे, तरी आपण अजून फॉन्ट कन्व्हर्टरच्या साइट शोधून राहिलो, आणि कन्व्हर्ट केल्यावरही जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावेच लागतात. ज्यांना टायपिंग जमत नाही त्यांना मी बोलून लिहायला सांगते, २०१७ पासून गूगलच्या व्हॉइस टायपिंगमध्ये मराठी आहे. आमच्या शारीरिक शिक्षणाच्या सरांनी वर्षभराचा क्रीडा अहवाल मैदानावर उभं राहून बोलून लिहिला. विरामचिन्हं नव्हती, मध्ये एका जागी "ए बॉल इकडे टाक बे" आलं होतं, पण अहवाल वेळेत आला, जे याआधी झालं नव्हतं.

पोट्ट्यांकडे लॅपटॉप नसतो हे विसरून चालत नाही. माझ्या वर्गातले बरेच जण सावनेर, उमरेड, कुहीकडून एसटीने येतात, सगळं काम मोबाईलवर. मोबाईलवर डॉक्स बऱ्यापैकी चालतं, शीट्स मात्र फार छळते, बोट एकीकडे ठेवावं तर निवडलं जातं भलतंच. म्हणून मी त्यांना शीट भरायला देतच नाही, फॉर्म देते, फॉर्ममधलं उत्तर आपोआप शीटमध्ये जाऊन बसतं. आणि डॉक्युमेंट आधी ऑफलाइन उपलब्ध करून ठेवायला शिकवते, मग एसटीत रेंज गेली तरी लिहिता येतं, रेंज आली की जुळतं. लॉकडाउनमध्ये हे कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा आमची चर्चा एकच, आपला तास ४८ मिनिटांचा आणि झूमचं फुकट खातं ४० मिनिटांत कॉल बंद करतं, तर उरलेल्या आठ मिनिटांचं काय करायचं. काही सर परत लिंक बनवायचे, त्यात पाच मिनिटं जायची. बाकीचे ४० मिनिटांतच शिकवून मोकळे व्हायचे, आणि खरं सांगू, पोरांना तेच आवडायचं.

गटाचं प्रोजेक्ट दिलं की दरवेळी एकच पोरगी राबणार आणि बाकीचे नाव लावणार, हे जुनं. आता मी प्रोजेक्ट डॉक्सवरच करायला लावते आणि मार्क देण्याआधी व्हर्जन हिस्टरी उघडते. कोणी कोणत्या तारखेला काय टाइप केलं, सगळं रंगांत दिसतं. शेवटच्या रात्री साडेअकराला एका झटक्यात दोन पानं उगवलेली दिसली की समजून जायचं. पण एवढ्यावरून मार्क देऊ नका असं मी स्वतः शिक्षकांना सांगते. एका गटात एका मुलाच्या नावावर हिस्टरीत जवळपास काहीच नव्हतं. विचारलं तर कळलं, त्याचा फोन फुटलेला, तो बाजूला बसून सांगायचा आणि मैत्रीण टाइप करायची, तोंडी परीक्षेत सगळ्यात नीट उत्तरं त्याचीच. हिस्टरीत बोटं कोणाची चालली तेवढंच येतं. मग दोन्ही बघायचं, हिस्टरी आणि तोंडी. मराठी विकिपीडिया, २००३ पासून आहे ती, तिथल्या प्रत्येक लेखाला इतिहास आणि चर्चा असे दोन वेगळे टॅब असतात, वर्गात मी ते मुद्दाम उघडून दाखवते. कोणी काय बदललं हे एका ठिकाणी, काहून बदललं यावरचा वाद दुसऱ्या ठिकाणी. आमच्या गटांची चर्चा व्हॉट्सॲपवर होते आणि तिथेच वाहून जाते.

या सगळ्याच्या मानाने एक शीट मात्र मी कधी विसरणार नाही. एप्रिल २०२१. देशभर लोकांनी तेव्हा बेड, ऑक्सिजन, इंजेक्शन यांच्या याद्या शेअर केलेल्या शीट्समध्ये ठेवायला सुरुवात केली होती, आमच्या माजी विद्यार्थ्यांनीही नागपूरपुरती एक केली. सुरुवातीला लिंक ज्याच्याकडे असेल तो कोणीही भरू शकत होता. फोन नंबर भराभर वाढले, त्यातले अर्धे लागायचे नाहीत, आणि रात्री दोनला घाबरलेल्या माणसाने एकेक नंबर लावत बसायचं. मग पोरांनी भरायचा अधिकार मोजक्या जणांना दिला, बाकीच्यांसाठी फॉर्म ठेवला, आणि एक रकाना वाढवला, "शेवटचं फोन करून कधी विचारलं". ज्या ओळीत ती वेळ जुनी झाली ती ओळ लाल. आजही कोणत्याही सामायिक यादीत मी तो रकाना आधी टाकते, मग ती वाचनालयातल्या पुस्तकांची का असेना.

मीटिंगबद्दल जास्त लिहित नाही, जी गोष्ट कॉमेंटमध्ये संपते तिच्यासाठी पंधरा जणांना कॉलवर बसवू नये एवढंच माझं मत. आणि नागपूरच्या बाहेरच्यांनी एक समजून घ्यावं, मे महिन्यात आमच्या मागे जो आवाज येतो तो विमानाचा नाही, कूलरचा आहे, आणि पारा ४५ वर असताना तो बंद करा म्हणू नका. पुण्याच्या मॅनेजरने एकदा फार प्रेमाने विचारलं होतं, "ताई, तुमच्याकडे पाऊस पडतोय का?"

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा, फाईल कोणाच्या खात्यात आहे. साध्या जीमेलवर बनवलेली फाईल बनवणाऱ्याची असते, कॉलेजची नाही. फोल्डर कॉलेजच्या नावाचं असलं तरी त्यात ज्याने जी फाईल टाकली ती त्याचीच राहते, तो गेला आणि त्याने काढून टाकली तर फोल्डर जागेवर आणि फाईल गायब. आणि कॉलेजात ही सगळी शीट्स-फॉर्म्सची कामं कोण करतं? सीएचबीवाले. तरुण असतात, कॉम्प्युटर येतो, नाही म्हणता येत नाही. जूनमध्ये नेमणूक परत झाली तर झाली, नाहीतर ते दुसऱ्या गावी, आणि त्यांच्या जीमेलमध्ये कॉलेजची तीन वर्षांची हजेरी, फीडबॅक, प्रमाणपत्रं. त्यात २०२३ मध्ये गूगलने नियम आणला की दोन वर्षं वापरलं नाही तर वैयक्तिक खातं काढून टाकलं जाऊ शकतं. म्हणजे कोणी मुद्दाम काही केलं नाही तरी जाऊ शकतं. शिवाय फॉर्ममधून पोरांनी चढवलेली प्रत्येक पीडीएफ फॉर्मवाल्याच्या ड्राइव्हमध्ये जाऊन बसते, फुकटात मिळणाऱ्या १५ जीबीत, त्यातच त्याचे मेल आणि फोटो.

याला रस्ता आहे, पात्र शिक्षण संस्थांना गूगलचं एज्युकेशन खातं मोफत मिळतं, त्यात शेअर्ड ड्राइव्ह असते, तिथली फाईल संस्थेची, माणूस गेला तरी फाईल जागेवर. त्यासाठी कॉलेजच्या डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याची, कागदपत्रं लागतात, ती फाईल आमच्याकडे ऑफिसात आहे, कागदाची फाईल, आणि ती सध्या सहीसाठी गेली आहे. तोवर मधला उपाय म्हणून मी माझ्या नावावरच्या सगळ्या नॅकच्या शीट्सची ओनरशिप हेड सरांच्या जीमेलवर ट्रान्सफर करायला टाकली. वैयक्तिक खात्यांत समोरच्याने मेल उघडून स्वीकार केल्याशिवाय ती होत नाही. सरांना दोनदा आठवण केली, ते म्हणाले, "मॅडम, ते लिंकबिंक राहू द्या, तुम्ही मला फाईलच व्हॉट्सॲप करून द्या."